प्रकल्प नोंदी : दादूची पहिली

८ जुलै २०२४, सोमवार

एमआयडीसीत मेंटेनन्सला १४ वर्षं काढली. मशीन बंद पडलं की वेळ लिहायची, त्याआधी काय चाललं होतं ते लिहायचं, काय केलं ते लिहायचं, पुढच्या शिफ्टला वही द्यायची. हे हाताला इतकं बसलंय की घरातलं काही लिहायचं तरी तसंच सुचतं. म्हणून ही वही.

काम : माझ्या मुलाला, दादूला जून २०२५ मध्ये पहिलीत बसवणं. मुदत ११ महिने.

आजची स्थिती. वय ५ वर्षं ४ महिने. स्वतःहून वापरतो असे शब्द ४० च्या आसपास. पण एसटी स्टँडवरची अख्खी घोषणा पाठ : 'फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी...' आणि मग स्वारगेटपर्यंतचे सगळे थांबे. बाहेर जायचं असलं की दारात उभा राहून तो हेच म्हणतो. आम्हाला कळतं. शाळेत कुणाला कळणार?

मागचं थोडक्यात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांनी तो ३ वर्षांचा असताना चिठ्ठी लिहून दिली. आधी कानाची तपासणी, बेरा टेस्ट. कान उत्तम. मग पुण्यात डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. त्या आधी नि नंतरही आई रोज जिभेला वेखंड लावत होती. "तूही उशिराच बोललास," असं ती सगळ्यांसमोर सांगते. मी खरंच उशिरा बोललो होतो की नाही, हे विचारायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

कागदावर मराठीत 'स्वमग्नता' लिहितात. स्वतःत मग्न. हा तर एसटीत मग्न असतो.

१७ जुलै २०२४

पहिली अडचण आधारची. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आता एकाच ऑनलाइन अर्जातून निघतं. त्याला आधार लागतं, आणि दादूचं आधार लहानपणीचं, बिनठशांचं. ५ वर्षं झाली की दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं द्यावी लागतात. दादू कुणाला मनगट धरू देत नाही.

केंद्रावर पहिल्या वेळी ४० मिनिटं गेली आणि एक अंगठा मिळाला. रांगेतल्या एका बाईंनी "लाडावलंय" असं म्हटलं. सुजातानं, माझ्या बायकोनं, काही उत्तर दिलं नाही, पण परतताना गाडीवर गावाच्या वेशीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

२८ जुलै २०२४

घरी सराव केला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याच्या काचेवर बोटं ठेवायची, आकडा उमटला की टाळी. आकडे त्याला आवडतात. मनगट धरायचं नाही, काटाच हाताखाली सरकवायचा. आठ दिवस रोज. आज केंद्रावरच्या मुलाला सांगितलं, तुम्ही हात लावू नका, मशीन त्याच्याकडे सरकवा. ९ मिनिटांत दहा बोटं. बुबुळांना दोन प्रयत्न लागले.

त्या मुलानं पावती देताना विचारलं, हे असं कुठं शिकलात. काय सांगणार!

७ ऑगस्ट २०२४, बुधवार

जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांग प्रमाणपत्राचं मेडिकल बोर्ड बुधवारी. पहाटे ५:४० ची गाडी. टोकन ६३. आजूबाजूला कुबड्या, व्हीलचेअर, पांढऱ्या काठ्या. आमचा पोरगा धडधाकट, बाकावरून उड्या मारतोय. दोघांनी विचारलं, तुम्ही कुणासाठी आलात?

दुपारी १:१५ ला नंबर लागला. मानसतज्ज्ञ रजेवर. चाचणी आज होणार नाही. दिवस वाया, माझी एक रजा वाया. पण बाहेर पडताना टेबलावरच्या क्लार्कनं एक गोष्ट फुकट सांगितली : "निघायच्या आधी फोन करत जा, आणि सोबत मुलाचा घरातला व्हिडिओ आणा. इथं तो घरच्यासारखा वागणार नाही." मला हे ना कुठल्या वेबसाइटवर सापडलं होतं, ना कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार

फोन करून गेलो. चाचणीचं नाव इसा. भारतात बनवलेली, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजर देतो का, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो का, आवाजाला बिचकतो का. निम्मं आम्हाला विचारलं, निम्मं त्याच्याशी खेळून पाहिलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातून बस काढून घेतली नाही.

गुण ९८. मॅडम म्हणाल्या, ७० ते १०६ म्हणजे सौम्य. सुजाताचा चेहरा उजळला. मग त्यांनी दुसरा तक्ता काढला. प्रमाणपत्रावर ९८ गुणांना ६० टक्के. एकाच कागदावर 'सौम्य' आणि '६०%'. मी दोनदा विचारून घेतलं. तक्ता तसाच आहे. गुणांचा अर्थ वेगळा, टक्क्यांचा वेगळा. पण हा कागद पुढे जो कुणी वाचेल तो त्यातलं सोयीचं तेवढंच वाचणार, हे आत्ताच लिहून ठेवतो.

१९ सप्टेंबर २०२४

प्रमाणपत्र निघालं. कार्ड पोस्टानं येईल, पिवळ्या रंगाचं. ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्यांना पिवळं. प्रमाणपत्र मुदतीचं आहे, पुन्हा तपासणीची तारीख त्यावर आहे. ती तारीख कॅलेंडरमध्ये आणि या वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

झेरॉक्स २० काढल्या.

१० ऑक्टोबर २०२४

निरामयचा अर्ज भरला. राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, पण त्याला वेगळी मर्यादा आहे. बिलावर तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक हवा. त्यावरून कळलं की बाजारपेठेत ज्यांच्याकडे आम्ही ७ महिने दर आठवड्याला ५०० रुपये देऊन स्पीचला जात होतो, त्यांच्याकडे पुनर्वास परिषदेची नोंदणीच नाही. विचारल्यावर म्हणाले, "कोर्स केलाय मी." कसला, ते सांगितलं नाही. भिंतीवरची फ्रेम मी कधी जवळ जाऊन वाचली नव्हती. कारखान्यात साधं बेअरिंग घेताना तीनदा स्टॅम्प बघतो.

२५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर शाळा पाहायला सुरुवात केली, पण २० तारखेच्या मतदानापर्यंत सगळे मास्तर निवडणुकीच्या ड्युटीवर. आठवडाभरात चार शाळा पाहिल्या.

विशेष शाळा : जिल्ह्याच्या ठिकाणी, ३८ किलोमीटर. शिक्षक जाणते. पण रोज दीड तास जायला, दीड तास यायला. त्याला एसटी आवडते हे खरं, तरी ती शाळेची जागा घेणार नाही.

इंग्रजी शाळा, मोठी : घरापासून ८०० मीटर. झाडं, मैदान, रंगीत भिंती. फी परवडत नाही, पण आरटीईच्या २५ टक्क्यांत (खासगी शाळांतल्या राखीव मोफत जागांत) बसतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

खासगी अनुदानित मराठी शाळा : मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत प्रवेशाबद्दल काहीही बोलले नाहीत. नंतरही नाही.

जिल्हा परिषदेची शाळा : पहिली-दुसरी एकत्र, २३ मुलं, एक बाई. छपराला गळती. बाईंनी दादूला काही विचारलंच नाही, स्वतः खाली बसून खडूनं फरशीवर बस काढली. चाकं तीनच काढली. दादूनं चौथं काढलं. हे मी मूल्यमापनात कुठल्या रकान्यात घालू?

सुजातानं त्या रात्री विचारलं, "तुम्हाला कुठली आवडली?" मी म्हटलं, मोठी. खरं तेच होतं.

२४ जानेवारी २०२५

आरटीईचा ऑनलाइन अर्ज भरला. १० शाळांपर्यंत निवडता येतात, आम्ही एकच टाकली, १ किलोमीटरच्या आतली. नकाशावर घराचा फुगा बरोबर दारावर बसवायला अर्धा तास. तो १०० मीटर इकडेतिकडे झाला तरी पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो.

१५ फेब्रुवारी २०२५

सोडतीत नाव लागलं. आईनं साखर वाटली.

४ मार्च २०२५

पंचायत समितीत पडताळणी झाली. कागद सगळे बरोबर, शिक्का मिळाला. तिथून थेट मोठ्या शाळेत. कोऑर्डिनेटर मॅडमनी प्रमाणपत्र वाचलं. '६०%' वर बोट थांबलं. 'सौम्य'वर नाही.

"सर, आम्ही नाही म्हणत नाही. सीट तुमचीच आहे. पण वर्गात ४८ मुलं आहेत. तुम्ही शॅडो टीचर द्या, आमची हरकत नाही."

"म्हणजे कोण?"

"त्याच्यासोबत पूर्ण वेळ बसणारी कुणीतरी. तुमच्या बाजूनं. महिन्याला बारा-पंधरा हजारात मिळतात, पुण्यात तर जास्त घेतात."

"हे लेखी द्याल?"

"लेखी कशाला सर, आपण बोलतोय ना."

या गावात शॅडो टीचर हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होतो. फुकट शिक्षणाच्या सीटवर महिन्याला पंधरा हजार! आणि नकार असा द्यायचा की नाही म्हटल्याचा पुरावाच राहू नये.

६ मार्च २०२५

अर्ज लिहिला. रात्री तीन वेळा फाडला. पहिल्या तीन अर्जांत राग होता. चौथ्यात फक्त तारखा ठेवल्या : कधी सोडत लागली, कधी पडताळणी झाली, कधी भेटलो, काय सांगण्यात आलं. खाली लिहिलं की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे भेदभाव न करता प्रवेश देणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे. पूर्ण वेळ मदतनीस पालकांनी स्वखर्चानं द्यावा, ही अट कोणत्या नियमानुसार आहे ते ७ दिवसांत लेखी कळवावं.

शाळेच्या ऑफिसात घेईनात. "मॅडम आल्या की या." मग रजिस्टर एडीनं पाठवला. दुसरी प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवकला दिली. क्रमांक आणि शिक्का माझ्या प्रतीवर घेतला. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी : टेबलावर कागद ठेवून येऊ नका. आवक क्रमांक पडेपर्यंत तो कागद फक्त तुमच्या मनात असतो.

१८ मार्च २०२५

शाळेतून फोन. "सर, गैरसमज झाला. प्रवेश घेऊन टाका. पुढचं पुढे बघू."

मी सुजाताला सांगितलं, जिंकलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "४८ पोरांत. आणि ज्या बाईला तो नकोच आहे तिच्या हाताखाली. भांडून घेतलेल्या वर्गात त्याला बसवायचं?"

मी म्हटलं, हक्क आहे त्याचा.

"हक्क आहे म्हणून तर म्हणतेय. तो तुमचा नाही, त्याचा आहे."

दोन दिवस आम्ही फारसं बोललो नाही.

२२ मार्च २०२५

सीट सोडली. ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता आली असती, मसुदा तयार होता. केली नाही. प्रवेश देतो म्हटल्यावर तक्रार कशाची, असं मी स्वतःला सांगितलं. पण पुढच्या वर्षी त्याच टेबलासमोर आणखी कुणाचा तरी बाप बसेल आणि त्यालाही तोंडीच सांगतील, हे मला माहीत आहे. मसुदा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

२१ एप्रिल २०२५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा. टेबलं मांडलेली असतात : एका ठिकाणी दोरीवरून चालायचं, एका ठिकाणी रंग ओळखायचे, एका ठिकाणी चित्र पाहून बोलायचं. प्रत्येक टेबलावर कार्डात नोंद. दादू पहिल्या टेबलावर दोरीवरून सहा वेळा चालला आणि दुसऱ्या टेबलावर गेलाच नाही. बाईंनी कार्डात 'मदतीची गरज' असं लिहिलं नाही. लिहिलं : 'दोरीवर ६ वेळा. बाकी नंतर.' मला ही नोंद फार आवडली. आमच्या शिफ्ट इन्चार्जला अशी लिहिता येत नाही.

हेडसरांना मी आधीच सांगितलं, प्रवेश अर्जाबरोबर प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि यू-डायसवर (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) दिव्यांगाचा रकाना भरा. म्हणाले, "भरतो की. पण विशेष शिक्षक फिरतीवर असतात, रोज मिळणार नाहीत, ते आधीच सांगतो." हे त्यांनी प्रवेशाआधी स्पष्ट सांगितलं. बरं वाटलं.

२ जून २०२५

बाईंसाठी एक पान तयार केलं. आधी मी शीर्षक दिलं होतं 'वापरासंबंधी सूचना'. सुजाता म्हणाली, "मिक्सर आहे का तो?" मग 'दादूची ओळख' असं केलं.

त्यात असं : 'फलाट क्रमांक चार' म्हणाला म्हणजे त्याला बाहेर जायचंय, बहुधा लघवीला. कान झाकले तर आवाज जास्त झालाय. कारण विचारू नका, आधी बाहेर न्या. मागून हात लावू नका, समोरून या. 'काय हवं?' याला उत्तर येत नाही. 'पाणी की डबा?' याला येतं. आनंद झाला की हात फडफडवतो, थांबवू नका. नजर देत नसला तरी ऐकतो. वाचता येतं का माहीत नाही, पण बसच्या पाट्या ओळखतो.

पान एकच ठेवलं. पहिला मसुदा पाच पानांचा होता. पाच पानं कुणी वाचत नाही, मीही कंपनीची वाचत नाही. लॅमिनेट करून घेतलं, ३० रुपये.

१६ जून २०२५, सोमवार

पहिला दिवस. ११ महिने तयारी केली आणि प्रवेशोत्सव विसरलो!

बैलगाडी, फुगे, हलगी, गुलाबाचं फूल, नव्या पुस्तकांचा संच, सरपंचांचं भाषण. सगळं प्रेमानं केलेलं. दादू फाटकातूनच मागं फिरला. हलगी थांबेपर्यंत आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या पानपट्टीमागं बसलो. बाकी पोरांचे फोटो निघत होते.

११:३० ला बाई स्वतः फूल घेऊन तिथं आल्या. त्याला दिलं नाही, माझ्याजवळ दिलं. म्हणाल्या, "उद्या १० वाजून २० मिनिटांनी आणा. परिपाठ झाल्यावर. वर्गात आम्ही २४ जणंच असू."

१७ जून ते ४ जुलै २०२५

बाईंना निळी वही दिली. रोज दोन ओळी, जमल्यास. बाई रोज लिहितात. १५ दिवसांत ८ वेळा मोठं रडणं, डोकं भिंतीला आपटणं. वेळ जवळजवळ तीच, दुपारी मधल्या सुट्टीच्या आसपास.

माझं पहिलं निदान : खिचडीचा वास. पोषण आहार तेव्हाच शिजत असतो. डबा घरचा दिला, खिडकीशेजारची जागा बदलली. फरक शून्य.

दुसरं निदान : आवाज आणि गर्दी. बाईंनी त्याला सुट्टीच्या ५ मिनिटं आधी बाहेर काढून पाहिलं. त्या दिवशी जास्तच रडला.

५ जुलै २०२५, शनिवार

उद्या आषाढी एकादशी, म्हणून आज शाळेची दिंडी. मी अर्धी शिफ्ट टाकून गेलो, पानपट्टीमागं बसायच्या तयारीनं. सत्तर पोरं, टाळ, मृदंग, माउली-माउली. दादूनं कान झाकले नाहीत. टाळकऱ्याच्या बरोबर मागं चालत हात फडफडवत राहिला. पाऊण तास.

म्हणजे आवाज हे कारण नाही. एवढ्या टाळांच्या आवाजात न रडणारा पोरगा मधल्या सुट्टीला का रडतो?

१० जुलै २०२५

बाईंची वही आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बसलो. जे दिवस रडला नाही, त्या दिवशी वेगळं काय होतं? शनिवार सोडा, सकाळची शाळा. उरलेल्या न रडलेल्या दिवसांसाठी बाईंना फोन केला. त्यांनी हजेरीपट पाहिला आणि दहा मिनिटांनी परत फोन केला.

"दादूचे बाबा, त्या दिवशी सातवीतला घंटेवाला मुलगा गैरहजर होता."

आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. तो मुलगा असला की इतर पोरंही धावतात, हातोडी ओढून घेतात आणि वीस-पंचवीस ठोके पडतात, कुठेही थांबतात, पुन्हा सुरू होतात. तो नसला की खिचडीवाल्या मावशी मोजून तीन ठोके देतात. टाळाला लय आहे, पुढचा ठोका कधी पडणार ते कळतं. घंटेचा कधी पडेल ते कळत नाही. बाईंनी त्याला सुट्टीच्या आधी बाहेर काढलं तेव्हा तर तो रुळाच्या थेट खालीच उभा होता.

या एका फोनसाठी मी ती वही घातली होती, असं आता वाटतंय. घातली तेव्हा तसं काही डोक्यात नव्हतं.

१२ जुलै २०२५

शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो. लोखंडी हातोडी काढून लाकडी मोगरी दिली, तिच्या तोंडाला ट्यूबचं रबर. रूळ व्हरांड्याच्या टोकाला हलवला, पहिलीच्या वर्गापासून २२ पावलं. हेडसरांनी नियम केला : तीन ठोके, एकानंच. खर्च ० रुपये, वेळ ५० मिनिटं.

मोठ्या शाळेत मला छताच्या बेलला हात लावू दिला असता का, हा विचार स्कूटरवर घरी येईपर्यंत डोक्यात होता.

१ ऑगस्ट २०२५

गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिका मॅडम आल्या. महिन्यातून दोनदा येणं ठरलंय. त्यांच्याकडे ३४ शाळा आहेत. मी म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक असं सांगितलंय ना? त्या हसल्या. "तो निकाल माझ्याही मोबाइलमध्ये आहे. पेट्रोलचं बिल त्याच्याशेजारी आहे."

काम मात्र नेमकं केलं. दादूसाठी वैयक्तिक आराखडा लिहिला, तीनच उद्दिष्टं ठेवली : पाणी आणि लघवीसाठी चित्रकार्ड दाखवणं, १० मिनिटं जागेवर बसून एक काम पुरं करणं, एका मुलाबरोबर आळीपाळीनं खेळणं. पुठ्ठ्याची पाटी करून दिली, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. आधी अक्षर, मग बस. बाईंना शिकवलं, मला शिकवलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही घरी बाप राहा. दुसरे मास्तर होऊ नका." जरा लागलं.

जाताना यू-डायस तपासलं. दिव्यांग प्रकाराचा रकाना रिकामा. हेडसर म्हणाले, भरला होता. पोर्टल म्हणालं, नाही. त्या रकान्याशिवाय समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या यादीत नाव येत नाही आणि मदतनीस भत्ता वगैरे पुढचं काहीच सुरू होत नाही. तिथंच बसून भरला, स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

२६ ऑगस्ट २०२५

उद्या गणपती. कोपऱ्यावर डॉल्बीची भिंत उभी राहिलीय. आम्ही पाच दिवस मावशीच्या वाडीवर.

१९ सप्टेंबर २०२५

बाईंची नोंद, जशीच्या तशी : 'आज "प्रवाशांनी" हा शब्द फळ्यावर लिहिला, मोठ्यानं वाचला. "कमळ" मधला क विचारला तर गप्प.'

म्हणजे पोरगं अख्खे शब्द वाचतंय, सुटी अक्षरं नाही. त्यानं वाचन एसटीच्या पाटीवरून सुरू केलंय, बाराखडीवरून नाही. बाईंनी त्याच्यापुरतं 'कमळ' काढून 'कराड' केलं. क आला.

१५ ऑक्टोबर २०२५

सत्र संपलं. संकलित चाचणी तोंडी आणि चित्रांवर घेतली. आराखड्याच्या तीन उद्दिष्टांपैकी चित्रकार्ड जमलं. बसणं ६ मिनिटांवर. आळीपाळी नाही. तरी एक मुलगी आहे वर्गात, ती रोज त्याच्याशेजारी बसते आणि नवीन कुणी आलं की सांगते, "ह्याला मागनं हात लावायचा नाही." तिला कुणी शिकवलं नव्हतं. लॅमिनेट केलेलं पान बाईंनी भिंतीला लावलंय, तिथून वाचलं असणार.

भत्त्याच्या अर्जाची चौकशी केली. 'वरिष्ठ कार्यालयास सादर.' आवक क्रमांक आहे, बाकी काही नाही. पुन्हा २० नोव्हेंबरला विचारायचं.

१८ नोव्हेंबर २०२५

दुसरं सत्र. बाईंचा निरोप : 'वही संपली. नवीन पाठवा.'

काल लाल कव्हरची दिली होती. दादूनं ती दप्तरातून काढून चुलीशेजारच्या सरपणात टाकली. दोनदा. वही म्हणजे निळी. चूक माझीच, आवाजाचं एवढं शोधलं आणि रंगाचं ध्यानात आलं नाही.

आज सुटल्यावर बाजारपेठेतल्या त्याच दुकानात गेलो. मालक म्हणाले, हे कव्हर आता येत नाही, कंपनीनं बदललं. माळ्यावर शिडी लावून शोधल्या. सहा निघाल्या, एकीला उंदरानं कोपरा कुरतडलेला.

सहाही घेतल्या.